ताटातले रंग : एका सल्ल्यामागची पार्श्वभूमी

थंडीत नागपुरातल्या गोकुळपेठच्या भाजीबाजारात लाल गाजरं, बीट, जांभळी वांगी, टमाटर आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या एकमेकांना खेटून मांडलेल्या असतात. ‘जितके रंग, तितकं आरोग्य’ हे वाक्य आता डॉक्टरही म्हणतात आणि भाजीवालेही. त्याला फार तर तीस-पस्तीस वर्षं झाली असतील.

गाजरातलं कॅरोटिन हे रंगद्रव्य १८३१ साली वेगळं काढलं गेलं. शरीर त्याचं अ जीवनसत्त्व करतं, हे कळायला १९३० उजाडलं. आपल्याकडे १९७० पासून लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस देऊ लागले ते अंधत्व टाळायला. रंग कोणी मोजत नव्हतं.

१९८१ साली एका ब्रिटिश विज्ञान नियतकालिकात लेख आला. भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो, हे कमी असणं बीटा-कॅरोटिनमुळे, म्हणजे कॅरोटिनच्याच एका प्रकारामुळे, असेल का, असा त्याचा विषय. शीर्षकातच प्रश्नचिन्ह होतं. पुढे ते प्रश्नचिन्ह कुठेतरी गळालं, ‘अँटिऑक्सिडंट’ (पेशींची ऑक्सिडीकरणाने होणारी हानी रोखणारं द्रव्य) हा शब्द औषधांच्या दुकानात पोचला आणि भाजीतला रंग कॅप्सूलमध्ये भरून विकला जाऊ लागला.

फिनलंडमध्ये सिगारेटी ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन दिलं. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतल्या अशाच चाचणीत, तिथे जोडीला अ जीवनसत्त्वही होतं, ही वाढ २८ टक्के दिसली आणि १९९६ मध्ये ती मुदतीच्या २१ महिने आधी गुंडाळावी लागली. डॉक्टरांवरच बारा वर्षं चाललेल्या तिसऱ्या चाचणीत ना फायदा दिसला, ना तोटा. भाजी खाण्याचा फायदा यामुळे खोटा ठरला नाही. त्याचं श्रेय एकट्या रंगद्रव्याला देणं तेवढं अंगाशी आलं. भाजीत तंतू असतात, पोटॅशियम, फोलेट, क जीवनसत्त्व असतं, शिवाय वाटीभर भाजी पोटात गेली की तळणाला जागा कमी उरते.

‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द मात्र टिकला. अमेरिकेतल्या एका सरकारी खात्याने पदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता दाखवणारा तक्ता २०१२ मध्ये मागे घेतला. परीक्षानळीतले आकडे शरीराला लागू पडत नव्हते आणि कंपन्या ते जाहिरातीत वापरत होत्या. इतका महत्त्वाचा निर्णय, पण रसांच्या बाटल्यांवर त्याचा मागमूस नाही. आपल्याकडच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. आधी वजनाचा हा हिशेब जमावा, रंगांचा नंतर.

डोळ्यांना दिसणारा रंग तसाही फसवतो. सांबार, मेथी हिरवीगार. पण त्यांच्यातही गाजरातलंच बीटा-कॅरोटिन असतं, हरितद्रव्याखाली झाकलेलं. लाल माठ उकडला की पाणी लालभडक होतं, आणि ते ओतून दिलं की रंग मोरीत जातो. टमाटरचा लाल रंग तेलात सुटतो, म्हणून शिजवलेल्या टमाटरातून तो कच्च्यापेक्षा चांगला अंगी लागतो. पोह्यांवरच्या तर्रीत तरंगणारं लाल तेल म्हणजे याच गुणाचं प्रात्यक्षिक, फक्त तिथे रंग मिरचीचा. म्हणून तर्रीला कोणी औषध समजू नये.

संत्र्याची तऱ्हा आणखी निराळी. साल केशरी व्हायला रात्रीचा गारवा लागतो. त्यामुळे दिवाळीच्या सुमाराला येणारं आंबिया बहाराचं, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत धरलेल्या फुलोऱ्याचं, फळ आतून तयार असूनही बाहेरून हिरवट राहू शकतं. गिऱ्हाईक हात घालतं ते केशरी फळालाच, म्हणून इथिलीन वायू देऊन सालीचा हिरवेपणा घालवतात. फळं पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्याला मात्र कायद्याने बंदी आहे. इथिलीनने रंग बदलतो तो सालीचा. फोडीतला रस होता तसाच राहतो.