पाच इंचाचं जाळं आणि व्हिक्टोरियाचा न्गेगे

पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराचा विषय निघाला की लगेच कुणीतरी सांगतं, नाईल पर्च नावाच्या राक्षसी माशाने तिथलं सगळं खाऊन टाकलं. खलनायक एकच असला की गोष्ट रंगते, पण न्गेगे नावाची तिथली लाडकी तिलापिया (खायचा एक मासा) त्याच्या आधीच संपत आली होती, आणि ती जाळ्यांमुळे.

1901 मधे रेल्वे सरोवराकाठच्या किसुमूला पोचली, 1905 च्या सुमारास युरोपियन गिलनेट (मासा कल्ल्यांपाशी अडकवणारी जाळी) आली, आणि ताजी मासळी गाडीने बाहेर जायला लागली. मासे घटले तसं ब्रिटिश सरकारने 1927-28 मधे मायकेल ग्रॅहम या मत्स्यशास्त्रज्ञाकडून सर्व्हे करून घेतला, त्यांची शिफारस होती की जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचं माप, पाच इंचापेक्षा लहान नको.

आता पाच इंचच का, ही माझी आवडती गंमत. आस ताणून मोजतात, म्हणजे समोरासमोरच्या दोन गाठी ओढायच्या आणि मधलं अंतर मोजायचं. चार बाजू अडीच-अडीच इंचाच्या, म्हणजे भोकाचा घेर दहा इंच. ज्या माशाचं डोकं त्यातून जातं पण पोट जात नाही तो अडकतो, मागे सरकायला गेला की दोरा कल्ल्यात रुततो. बारका आरपार निघून जातो, फार मोठ्याचं डोकंच आत शिरत नाही म्हणून तोही वाचतो, म्हणजे ही चाळणी नाही, चाळणीत मोठं सगळं अडकतं, इथे फक्त मधला पट्टा अडकतो, ग्राफ काढला तर घंटेसारखा. त्यामुळे त्या मापाचे मासे कमी झाले की कोळी साडेचार, मग चार इंचाचं जाळं टाकतो आणि थोडे दिवस जाळं परत भरतं! फक्त आता त्यात अजून एकदाही न व्यालेली पिल्लं असतात. त्यात न्गेगेची मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे समुद्रातल्या माशांसारखी लाखांनी घालत नाही, एकेक आई महागात पडते.

1933 मधे पाच इंचाचा कायदा झाला खरा, पण एवढ्या मोठ्या सरोवरात तीन वसाहतींच्या किनाऱ्यांवर जाळी मोजत कोण फिरणार? बरं, लहान जातींचे मासे पाच इंचात अडकतच नाहीत, ते पकडायचेच नाहीत का, हाही प्रश्न होताच. शेवटी 1956 मधे युगांडा आणि टांगानिकाने (आताच्या टांझानियाचा मुख्य भाग) नियम काढून टाकला, केनियाने नंतर काही वर्षांनी.

आणि नाईल पर्च? मोठा शिकारी मासा बाहेरून आणून सोडणं फार धोक्याचं, हे ग्रॅहमनी त्याच रिपोर्टात लिहून ठेवलेलं, तरी 1950 च्या दशकात तो सरोवरात आलाच.