‘अ दूना’ की ‘अ ग़ूना’? आयरिशमध्ये दार लावताना होणारा घोळ

आयर्लंडच्या शाळेत जाऊन आलेल्या कुणालाही आयरिशचं एक तरी वाक्य पाठ असतंच, ‘दून अन दोरस’, म्हणजे दार लाव (यातला ‘अन’ आपला ‘आणि’ नाही, इंग्रजीतला ‘the’). हे ‘दोरस’ आणि आपलं ‘दार’ मुळात एकाच घरातले, संस्कृत ‘द्वार’चे लांबचे चुलतभाऊ, त्यामुळे मला हा शब्द पहिल्याच दिवशी आपलासा वाटला. गाडी अडली ती पुढे. ‘दार लाव’ म्हणता येतं, पण ‘मी दार लावतोय’ आणि ‘मला दार लावायचंय’ यात मी दोन महिने गोते खाल्ले.

आयरिशमध्ये आपल्या ‘लावायला’, ‘लावू’सारखी वेगळी रूपं नाहीत. एकच धातुनाम असतं, ‘दूना’, म्हणजे ‘लावणं’, आणि सगळी कामं त्याच्याकडूनच करून घेतात. लावतोय, लावायला, लावायचं, सगळं ‘दूना’च. फरक पडतो तो त्याच्या आधी काय येतं आणि दार कुठे बसतं यावर.

पहिली रचना ‘अग’ची. ‘अग’ म्हणजे पाशी. (माझ्याकडे पुस्तक आहे म्हणायलाही हाच शब्द लागतो, ‘माझ्यापाशी’ला ‘अगम’.) ‘ता मे अग दूना अन दोरिश’, शब्दशः ‘आहे मी लावण्यापाशी दाराच्या’. दोरसचं ‘दोरिश’ झालं ते बघा, शेवटच्या स चा श, ही षष्ठी. दाराचं लावणं. आपण ‘पुस्तकाचं वाचन चालू आहे’ म्हणतो ना, अगदी तसंच.

दुसरी रचना ‘अ’ची. ‘अन दोरस अ ग़ूना’. इथे दार उडी मारून पुढे येतं, स चा श होत नाही, आणि द मऊ होऊन ग़ होतो, गझलेतला घशात घासणारा ग़. हा ‘अ’ जुन्या ‘दो’वरून आलाय, म्हणजे ला किंवा साठी. म्हणजे ‘दार लावायला’! एरवी क्रियापद वाक्याच्या सुरुवातीला ठेवणारी ही भाषा इथे मात्र चक्क मराठीसारखी आधी कर्म मग क्रिया अशी चालते, मला तर बघून हसूच आलं.

कागदावर हे सोपं दिसतं, पण बोलताना व्यंजनाआधी ‘अग’मधला ग गिळतात, त्यामुळे ऐकू येतं ‘अ दूना’ आणि ‘अ ग़ूना’, आणि सगळा भार त्या एका द-ग़ वर. बरं, स्वरापुढे ग टिकतो, ‘अग ओल’ म्हणजे पिणं चालूय, तिथे प्रश्नच नाही. पण ‘लेव’, म्हणजे वाचणं, घ्या. ल लिहिताना मऊ होत नाही, मग ‘अग लेव’ आणि ‘अ लेव’ दोन्ही कानाला ‘अ लेव’. अशा वेळी क्रियापदाकडे बघायचंच नाही, पुस्तक आधी आलं की नंतर ते बघायचं. मला हे कळल्यावर निम्मा घोळ संपला.

उरलेला निम्मा बोलींचा. ‘तू काय करतोयस?’ हे विचारायचं तर ‘काय’ आपोआप पुढे जाणार, म्हणजे कर्म पुढे गेलं. मग पश्चिमेच्या कॉनमाराकडचे लोक (काय ला ‘केर्द’) आणि वायव्येच्या डोनेगॉलचे (‘कजे’) ‘अग’ सोडून ‘अ’ घेतात, शब्दशः ‘काय आहेस तू करायला’. नैऋत्येच्या केरीकडे, म्हणजे मन्स्टर बोलीत, ‘काय आहे त्याच्या करण्याला तुझ्यापाशी’ असा द्राविडी प्राणायाम. तिथे येतो दीर्घ ‘आ’, म्हणजे तोच ‘दो’ अधिक ‘त्याचं’. आणि या ‘आ’चा वेगळाच वैताग: ‘ता शे आ ग़ूना’ म्हणजे ‘तो ते लावतोय’ पण होतं आणि ‘ते लावलं जातंय’ पण, संदर्भ बघून काय ते ठरवा.

कर्म नसलं की अजून मजा. ‘मला जायला आवडेल’ म्हणताना मन्स्टरवाले आणि प्रमाणभाषा नुसतं ‘दुल’ म्हणतात. कॉनमारात मात्र पुढे काही नसतानाही ‘अ ग़ुल’. 1958 ला सरकारने प्रमाण व्याकरण छापलं, पण म्हणून लोकांनी आजीची भाषा थोडीच टाकली! आपल्याकडे पुस्तकात ‘करत आहे’ छापलं म्हणून नागपूरचा माणूस ‘करून राह्यलो’ म्हणायचं सोडतो का?

आता एवढं सगळं रिचवून मी स्वतःसाठी नियम बनवला की द दिसला तर दोरिश, ग़ दिसला तर दोरस, आणि खुश होतो. मग डोनेगॉलची आयरिश ऐकायला घेतली. तिथे आधी ‘दूना’चं ‘दूनू’ होतं, ते चालून जातं, पण ‘तो दार लावायला गेला’ यात, म्हणजे जाण्या-येण्याच्या क्रियापदानंतर, ते म्हणतात ‘अ ग़ूनू अन दोरिश’. ग़ पण आहे, षष्ठी पण आहे, आणि दार परत मागे. साठीवाला ‘अ’च आहे हा, फक्त इथे दार पुढे आलंच नाही, मग मागे राहिलेल्या दाराला षष्ठी लागणारच, ‘दाराच्या लावण्यासाठी गेला’. नियम आता असा लिहून ठेवलाय: दार मागे तर दोरिश, पुढे तर दोरस, आणि द-ग़ वर विसंबायचं नाही.