डबा टीव्हीला ‘लॅग’ ठाऊक नव्हता

गणपतीच्या खरेदीत कुडाळच्या बाजारात यंदा गेमिंग टीव्ही मिरवतोय. फोरके म्हणजे बारीक तपशिलाचं चित्र, १२० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १२० चित्रं. दुकानातला पोरगा एकच पालुपद लावतो, “लॅग नाही, दादा.” हा लॅग, म्हणजे बटण दाबणं आणि पडद्यावर हालचाल दिसणं यातला उशीर, मुळात टीव्हीत शिरला कधी, ते तो सांगत नाही.

आमच्या माजघरातल्या डबा टीव्हीत तो नव्हता. कौलांवर अँटेना फिरवणारा एकजण, खालून “इलां इलां, आता हलवू नको!” असं ओरडणारा दुसरा. चतुर्थीला मुंबईहून येणारा चुलतभाऊ व्हिडिओ गेम आणायचा. कॅसेटीत फुंकर मारायची, ती खोचायची आणि प्लास्टिकच्या पिस्तुलाने बदकं मारायची. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, मग फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उजळायचा. पिस्तुलाच्या नळीतला प्रकाशसंवेदक तो टिपायचा. सगळा खेळ वेळेवर बेतलेला. सिग्नल आला की पिक्चर ट्यूब तो त्याच क्षणी ओळीओळीने काचेवर रेखाटायची. साठवणं नाही, विचार करणं नाही.

टीव्हीवर खेळणं त्याहून बरंच जुनं. राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून निघालेला मॅग्नावॉक्स ओडिसी हा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम अमेरिकेत १९७२ मध्ये बाजारात आला. त्याला मैदान काढता यायचं नाही, म्हणून काचेवर रंगीत प्लास्टिकचा कागद चिकटवायचा. मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेही त्याच वर्षी. गेमिंग टीव्हीसुद्धा नवलाचा नाही. शार्पने १९८३ मध्येच जपानात निन्टेंडोचा गेम पोटात असलेला टीव्ही विकला होता.

बिघडलं ते चपट्या पडद्यांपासून. २००५-०६ मध्ये एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ या गेमच्या यंत्रांनी हाय डेफिनिशन गेम आणले, पण हे टीव्ही आलेली फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, आधी साठवतात, ताणतात, साफ करतात, मध्ये आपल्या मनच्या फ्रेम घुसडतात आणि मग दाखवतात. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद. अशा चार-पाच अडकल्या की बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते. क्रिकेट बघताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

‘गेम मोड’ म्हणजे हीच साफसफाई बंद करणं. नोव्हेंबर २०१७ मध्ये गेमचं यंत्र टीव्हीला जोडणाऱ्या केबलचं नवं मानक, एचडीएमआय २.१, आलं. त्याने फोरके चित्र १२० च्या वेगाने नेता येऊ लागलं, गेम सुरू होताच टीव्हीला आपोआप गेम मोडवर जाता येऊ लागलं आणि गेमच्या कमी-जास्त वेगाशी पडद्याला जुळवून घेता येऊ लागलं. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स नोव्हेंबर २०२० मध्ये आले आणि हे टीव्ही खपायला लागले. १२० ला फ्रेम ८.३ मिलिसेकंदांची. पावसात लाइट गेली की अर्थात १२० काय नि ६० काय.

आमचं पिस्तूल अजून माळ्यावर आहे. नव्या टीव्हीवर त्याला एकही बदक दिसणार नाही.