लीड आली कुठून? एका रकान्याची पार्श्वभूमी

एकाच माणसाने वेबिनार पाहिला, महिन्याभराने ईमेलमधल्या लिंकवर क्लिक केलं आणि शेवटी सर्चमधल्या जाहिरातीवरून येऊन फॉर्म भरला. आता या लीडच्या, म्हणजे संभाव्य ग्राहकाच्या, नोंदीत ‘लीड सोर्स’ (ती कुठून आली) या रकान्यात काय लिहायचं? उत्तर एकच मावतं, आणि श्रेय घ्यायला तिन्ही कॅम्पेनवाले हजर. हा वाद सॉफ्टवेअरहून बराच जुना आहे.

टपालाने माल विकणारे जुने व्यापारी जाहिरातीतल्या कूपनवर खुणेचा कोड छापत, किंवा पत्त्यात प्रत्येक मासिकासाठी वेगळा विभाग टाकत. ‘विभाग अ’च्या नावे पाकीट आलं की कोणत्या जाहिरातीने काम केलं ते कळे. अमेरिकी जाहिराततज्ज्ञ क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ मध्ये पुस्तक लिहून या मोजमापाचा हिरीरीने पुरस्कार केला. १९६७ मध्ये एटी अँड टीने टोल-फ्री नंबर आणले, तेव्हा जाहिरातीगणिक वेगळा नंबर देऊन तेच काम फोनवर करता येऊ लागलं. या सगळ्यात एक गोष्ट गृहीत होती: एक पाकीट, एक उगम. ग्राहकाने ते कूपन कापण्याआधी आणखी चार जाहिराती पाहिल्या असतील, पण पाकिटात त्यांचा पत्ता नसे.

पुढे सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर, आलं, तेव्हा हेच गृहीतक ड्रॉपडाउन होऊन त्यात शिरलं. १९९९ मध्ये सुरू झालेल्या सेल्सफोर्समध्ये ‘लीड सोर्स’ म्हणजे यादीतून एकच पर्याय निवडायचा रकाना. घाईतला सेल्सवाला त्यात ‘इतर’ निवडून मोकळा होतो, हा अनुभव सार्वत्रिक असावा.

दरम्यान वेबवर खुणांची सोय झाली होती. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मोंटुली यांनी कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवली जाणारी छोटी खूण, आणली. परत आलेला ब्राउझर ओळखता येऊ लागला. लिंकला जोडायच्या खुणांना यूटीएम म्हणतात; त्यातला ‘यू’ म्हणजे अर्चिन (Urchin). ही वेब-आकडेवारीची कंपनी गूगलने २००५ मध्ये घेतली आणि त्याच वर्षी गूगल ॲनालिटिक्स सुरू झालं. लिंकच्या शेपटीला सोर्स, मीडियम, कॅम्पेन जोडायची पद्धत तिथून घरोघरी पोचली. कूपनवरचा कोडच, फक्त तो आता मार्केटिंगमधलं कुणीही हाताने टाइप करू लागलं. एकाने ‘ईमेल’ हा शब्द कॅपिटल अक्षराने सुरू केला आणि दुसऱ्याने स्मॉल, तर अहवालात दोन वेगळे उगम दिसतात. लीड-अहवालांचं निम्मं दुखणं इथलंच, असं माझं मत.

एलोक्वा १९९९ ची, मार्केटो आणि हबस्पॉट २००६ च्या. मार्केटिंगची कामं आपोआप करणाऱ्या अशा ऑटोमेशन साधनांनी फॉर्ममधल्या हिडन फील्डमधून (भरणाऱ्याला न दिसणाऱ्या रकान्यातून) ही शेपटी थेट लीडच्या नोंदीत नेली. मग नवी पंचाईत: तोच माणूस दुसऱ्या कॅम्पेनचा फॉर्म भरतो आणि पहिला सोर्स पुसला जातो. यावर तोडगा म्हणून मूळ सोर्स आणि ताजा सोर्स वेगळे ठेवले गेले. कॅम्पेनचा सहभाग तर रकान्यात न ठेवता स्वतंत्र नोंदींत गेला. एका लीडला हव्या तितक्या कॅम्पेनशी जोडता येऊ लागलं. खरी सुटका याच बदलाने झाली. फर्स्ट टच (सगळं श्रेय पहिल्या भेटीला), लास्ट टच (सगळं शेवटच्या भेटीला), सगळ्यांना समान वाटा ही श्रेयवाटपाची गणितं त्यानंतरची, आणि ती करायला आधी सगळ्या भेटींची नोंद हातात लागते.

ती नोंदच पुढे विरळ होत गेली. ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०१७ पासून कुकींवरची बंधनं कडक केली, २०१८ मध्ये युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला, आणि २०२१ मध्ये ॲपलच्या मेलने ईमेल उघडल्याची खूण निरुपयोगी करून टाकली. २०२३ मध्ये गूगल ॲनालिटिक्सने फर्स्ट क्लिक आणि समान वाट्याची मॉडेल्सही काढून टाकली. त्यामुळे अनेक फॉर्मांवर ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ हा साधा प्रश्न परत दिसतो. उत्तर येतं ‘मित्राने सांगितलं’, आणि शेजारच्या सोर्सच्या रकान्यात सॉफ्टवेअरने ‘सर्च’ लिहिलेलं असतं.