अमेरिकेची अफर्मेटिव्ह ॲक्शन आणि आपलं आरक्षण, हे एकच नाही

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या केसमध्ये ॲडमिशन देताना वंश विचारात घेण्याची पद्धत, म्हणजे तिथली अफर्मेटिव्ह ॲक्शन, बंद केली, आणि लगेच आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज, की बघा अमेरिकेनेसुद्धा आरक्षण बंद केलं, आपण कधी करणार? खाली सतरा अंगठे. मी तेव्हा गप्प बसले, पण तो मेसेज अजून फिरतोय म्हणून आता नीट लिहिते, कारण ज्याला आपण आरक्षण म्हणतो ते अमेरिकेत २०२३ ला बंद झालंच नाही, ते तिथे १९७८ लाच संपलं होतं.

झालं होतं असं की कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या मेडिकल कॉलेजने १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याक मुलांसाठी वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. ॲलन बाक्के नावाच्या गोऱ्या उमेदवाराला दोनदा नकार मिळाला, तो कोर्टात गेला आणि जिंकला. अशा ठरावीक जागा राखून ठेवता येणार नाहीत, पण ॲडमिशन देताना इतर चार गोष्टींसोबत वंशही बघितला तर चालेल, असा निकाल लागला. म्हणजे पुढची ४५ वर्षं तिथे जे चाललं ते "बघितलं तर चालेल" एवढंच. कोटा नाही, टक्के नाहीत, वेगळी मेरिट लिस्ट नाही.

आता आपल्याकडे बघा. केंद्रीय संस्थांमध्ये एससी १५, एसटी साडेसात, ओबीसी २७ आणि २०१९ पासून ईडब्ल्यूएस १० टक्के. जागा आधी मोजल्या जातात, मग मुलं येतात. सीईटी सेलच्या कॅप राऊंडमधून गेलेल्या कुठल्याही घराला विचारा, कॅटेगरीप्रमाणे कटऑफ तोंडपाठ असतो, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, व्हॅलिडिटी सगळ्याची फाईल तयार असते. अमेरिकेत दाखला नावाचा प्रकारच नव्हता, फॉर्मवर स्वतःच एका चौकोनात खूण करायची आणि पडताळणी कुणी करायची नाही. मग ॲडमिशन ऑफिसर मार्क, निबंध, शिक्षकांची पत्रं, खेळ, गाव, घरची परिस्थिती असं सगळं एकत्र वाचणार आणि ठरवणार. मिशिगन विद्यापीठाने हेच जरा हिशोबात बसवायला १५० पॉइंटांची पद्धत काढली, त्यात अल्पसंख्याक असल्याचे २० पॉइंट थेट मिळायचे, तर २००३ ला कोर्टाने तीही रद्द केली. त्याच दिवशी त्याच विद्यापीठाच्या लॉ स्कूलची पद्धत मात्र टिकली, कारण तिथे नक्की किती वजन द्यायचं ते कुठे लिहिलेलं नव्हतं. आपल्याकडे आकडा लिहिल्याशिवाय आरक्षण होत नाही आणि तिथे आकडा लिहिला की ते बेकायदा, इतकं उलट आहे हे.

पण मला जो फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पद्धतीचा नाही, कारणाचा आहे. बाक्के केसमध्ये न्यायमूर्ती पॉवेल यांनी सरळ लिहिलं की समाजात आजवर झालेल्या भेदभावाची भरपाई हे कारण आम्हाला चालणार नाही, वर्गात वेगवेगळ्या पार्श्वभूमीची मुलं असली की सगळ्यांचंच शिक्षण चांगलं होतं हे कारण चालेल. डायव्हर्सिटी हा शब्द ॲडमिशनच्या वादात इतका मोठा झाला तो इथून. मिसिसिपी विद्यापीठात १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ हा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी आला तर दंगल झाली, दोन माणसं गेली, सैन्य आणावं लागलं. त्यानंतर सोळाच वर्षांनी कोर्ट म्हणतंय की तुम्हाला घ्यायचं ते तुमच्यावर अन्याय झाला म्हणून नाही, तुमच्यामुळे इतरांचा वर्ग समृद्ध होतो म्हणून. मला हे वाचताना खूप वाईट वाटतं, कारण ज्याला दाराबाहेर ठेवलं त्याचं म्हणणंच यातून गायब झालं.

आणि तेच पुढे अंगाशी आलं. २०२३ ला मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी विचारलं की ही डायव्हर्सिटी मोजायची कशी, ती पुरेशी झाली हे कधी कळणार, आणि विद्यापीठांकडे धड उत्तर नव्हतं.

आपल्याकडे कारण पहिल्यापासून लिहिलेलं आहे. शाहू महाराजांनी १९०२ ला कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के सरकारी जागा राखल्या, त्यामागचं कारण साधं, की सगळ्या जागा एकाच वर्गाकडे होत्या. पुढे मद्रासची शिक्षणातली आरक्षणं कोर्टाने रद्द केली तेव्हा १९५१ ला पहिली घटनादुरुस्ती करून कलम १५(४) आणलं, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास हे शब्द त्यातच आहेत. १९७५ च्या थॉमस केसमध्ये कोर्टाने आरक्षण हे समानतेला अपवाद नाही, समानतेचाच भाग आहे अशी भूमिका घेतली. म्हणून आपल्याकडची भांडणं वेगळी असतात, ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडायची का, क्रीमी लेयर कुणाला, मराठा समाज मागास आहे का नाही. ईडब्ल्यूएसने मात्र हे कारणच थोडं बदललं, तिथे सामाजिक मागासलेपण नाही, फक्त आर्थिक परिस्थिती बघतात, आणि तो मोठा वेगळा विषय आहे.

अमेरिकेतल्या आपल्या मराठी लोकांचा राग मला कळतो. या केसमध्ये पुढे आलेल्या हार्वर्डच्या आकडेवारीत एशियन मुलांना "पर्सनल रेटिंग" सरासरीने कमी मिळालेलं दिसलं, म्हणजे ज्यांना कधी भेटलेच नाहीत त्यांच्या स्वभावाला मार्क देऊन ते कमी ठेवायचे, हे कुठल्याही आईबापाला लागणारच. खालच्या कोर्टाने त्यात मुद्दाम भेदभाव झाला असं मानलं नव्हतं, तरी प्रश्न खरा होता. पण तो प्रश्न राखीव जागांचा नव्हता. आणि बाप त्याच कॉलेजात शिकला म्हणून मुलाला झुकतं माप देण्याची जी लेगसी पद्धत, तिला २०२३ च्या निकालाने हातही लावला नाही. पुढच्या वर्षी एमआयटीच्या नव्या बॅचमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी साधारण १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले.

त्या निकालात एक फट मात्र ठेवलीये, वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला ते मुलाने निबंधात लिहिलं तर विद्यापीठ ते विचारात घेऊ शकतं. म्हणजे आपल्याकडे एससीचं पोर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा म्हणून आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधत पडताळणी समितीकडे जातं, आणि तिकडचं कृष्णवर्णीय पोर सतराव्या वर्षी, कॉमन ॲप म्हणजे अनेक कॉलेजांना एकच चालणारा जो अर्ज, त्याच्या ६५० शब्दांची मर्यादा असलेल्या निबंधात स्वतःचा अपमान अनोळखी ऑफिसरला पटेल असा लिहीत बसतं.