मोबाइलवरील जपानी पद्धतीचे कथाप्रधान आरपीजी

जपानी पद्धतीचा आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ), खेळणाऱ्यांच्या तोंडी ‘जेआरपीजी’, हा व्हिडिओ गेमचा एक प्रकार आहे. खेळाडू तीन-चार पात्रांची पार्टी घेऊन एका कल्पित जगात हिंडतो, गावोगावच्या माणसांशी बोलतो, शत्रूंशी पाळीपाळीने लढतो आणि या सगळ्यातून एक मोठी कथा पुढे सरकत जाते. ही कथा बहुतांशी आधीच लिहिलेली असते. एखादा खेळ संपवायला तीस-चाळीस तास लागणे नेहमीचे, आणि त्यातला बराच वेळ पडद्यावरचा मजकूर वाचण्यात जातो. त्यामुळे जेआरपीजी हा बोटांच्या चपळाईपेक्षा वाचनाचा आणि विचाराचा खेळ ठरतो. मराठी खेळाडूचे त्याच्याशी नाते जुळते किंवा अडते, तेही याच ठिकाणी.

घरात गेम कन्सोल असणारी कुटुंबे कोल्हापुरात थोडी. इथल्या बहुतेकांना हा प्रकार थेट मोबाइलवरच भेटला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर डेटा स्वस्त झाला आणि एक-दोन जीबीचा गेम उतरवून घेणे विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले. त्या लाटेवर सर्वांत मोठा झाला तो पबजी. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली आणि २०२१ मध्ये त्याच धर्तीचा बीजीएमआय आला. या गोळीबाराच्या खेळांपुढे जेआरपीजीचा चाहतावर्ग लहान आहे, पण चिवट आहे. एकदा कथेत गुंतलेला खेळाडू ती सहसा अर्ध्यावर सोडत नाही.

लढाईची रीत

प्रत्येक पात्राला काही आकडे चिकटलेले असतात: जीव किती उरला हे सांगणारा एचपी, जादू वापरायला लागणारा एमपी, माराची ताकद, बचाव आणि वेग. वेगावरून कोणाची पाळी आधी येणार ते ठरते. पाळी आली की यादीतून एक कृती निवडायची: हल्ला, जादू किंवा स्किल, पिशवीतली वस्तू, बचाव, नाहीतर पळ. शत्रूंनाही कच्चे दुवे असतात. कोणी आगीला दबतो, कोणी विजेला. विषबाधा, झोप, मुकेपणा अशा अवस्था लादता येतात आणि आपल्यावर लादल्याही जातात.

ऐकायला हे कोरडे वाटते. त्यातली गंमत मोठ्या शत्रूसमोर, म्हणजे बॉससमोर कळते. समजा पार्टीत तलवारबाज, धनुर्धर, जादूगार आणि वैदू आहेत. बॉसने दम धरला आहे, पुढच्या पाळीला तो सगळ्यांवर एकदम मोठा वार करणार. वैदूचा वेग कमी, म्हणजे त्याची पाळी वारानंतर येणार. मग आत्ताच सगळ्यांचे एचपी भरून ठेवायचे, की जादूगाराकडून बॉसची ताकद कमी करवून घ्यायची, की सर्वांनी बचाव घेऊन एक पाळी वाया घालवायची? की बॉसचा जीव थोडाच उरलाय म्हणून चौघांनी मिळून त्याला आधीच उडवायचा? उत्तर दर वेळी वेगळे असते आणि विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो. बॉस थांबून राहतो. फोन आला, मास्तरांनी हाक मारली, बस कागलला पोहोचली, तर मोबाइल खिशात टाकावा. खेळ त्याच पाळीवर उभा असतो. बसल्या जागी पंधरा-वीस मिनिटे सलग लक्ष मागणाऱ्या, पबजीसारख्या ‘बॅटल रॉयल’ खेळांत ही सोय नाही. एसटीने ये-जा करणाऱ्या मुलासाठी ती फार मोलाची आहे.

सगळेच खेळ अशी शुद्ध पाळी ठेवत नाहीत. फायनल फँटसी या जपानी खेळमालिकेच्या १९९१ च्या चौथ्या भागात खेळरचनाकार हिरोयुकी इतो यांनी वेळेच्या पट्ट्या आणल्या. पट्टी भरली की त्या पात्राची पाळी, आणि तुम्ही विचार करत बसलात तरी शत्रूची पट्टी भरतच राहते. २००१ च्या दहाव्या भागात पुन्हा थांबणारी पाळी आली आणि पुढच्या पाळ्यांची यादी पडद्यावर दिसू लागली. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर हीच दुसरी पद्धत जास्त शोभते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लढाया जिंकल्या की अनुभवाचे गुण मिळतात, लेव्हल वाढते. कथा पुढे न नेता केवळ लेव्हल वाढवण्यासाठी त्याच त्या लढाया करत राहण्याला ग्राइंडिंग म्हणतात. चांगल्या खेळात त्याची गरज कमी पडते.

उगम

मूळ अमेरिकी आहे. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये निघाला. १९८१ च्या विझर्ड्री आणि अल्टिमा या खेळांनी त्या धर्तीचा अनुभव संगणकावर आणला. जपानमध्ये खेळरचनाकार युजी होरी यांना या दोन्ही खेळांनी झपाटले आणि २७ मे १९८६ रोजी एनिक्स कंपनीचा ड्रॅगन क्वेस्ट बाजारात आला. चित्रे अकिरा तोरियामा यांची, संगीत कोइची सुगियामा यांचे. अख्खा खेळ ६४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये (कन्सोलमध्ये खोचायच्या डबीत) बसवायचा होता. जागा वाचवण्यासाठी काताकाना लिपीतली निवडकच अक्षरे त्यात ठेवली आणि शत्रूंची, जादूंची नावे त्या अक्षरांत बसतील अशी घडवली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८७ मध्ये, स्क्वेअर कंपनीचा हिरोनोबू साकागुची यांचा फायनल फँटसी आला. २००३ मध्ये या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र येऊन स्क्वेअर एनिक्स झाली.

मोबाइलवर

स्मार्टफोनच्या कितीतरी आधी जपानी लोक फोनवर हे खेळ खेळत होते. एनटीटी डोकोमो या जपानी फोन कंपनीची आय-मोड ही मोबाइल इंटरनेट सेवा १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००४ मध्ये ड्रॅगन क्वेस्ट व फायनल फँटसीचे पहिले भाग बटणांच्या फोनवर आले. २००८ मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर उघडल्यावर बाजार जगभर पसरला. क्रोनो ट्रिगर हा १९९५ चा नावाजलेला खेळ २०११ मध्ये मोबाइलवर आला. फायनल फँटसीचे पहिले भाग २०२१ पासून नव्या पिक्सेल चित्रांसह पुन्हा निघाले. एकदा पैसे भरले की हे खेळ तुमचे, आणि इंटरनेटशिवाय चालणारे.

हिरोशिमा प्रांतातल्या कुरे शहरातील केमको या कंपनीचा इथे मुद्दाम उल्लेख करायला हवा. छोट्या स्टुडिओंकडून बनवून घेतलेले कितीतरी आरपीजी तिने मोबाइलवर आणले. कथा साचेबद्ध, चित्रे साधी. पण ते स्वस्त फोनवर चालतात, किंमत कमी असते आणि गगनबावड्याच्या घाटात रेंज गेली तरी अडत नाहीत. समीक्षक त्यांना फार मान देत नाहीत. महागडा फोन नसलेल्या खेळाडूला या प्रकाराची गोडी लावण्याचे काम अशाच खेळांनी केले आहे, आणि ते काम लहान नाही.

दुसरी वाट फुकट उतरवता येणाऱ्या ऑनलाइन खेळांची. जुलै २०१५ मध्ये जपानमध्ये सुरू झालेल्या फेट/ग्रँड ऑर्डरमध्ये दर पाळीला पाच पत्ते समोर येतात, त्यांतले तीन निवडायचे. मजकूर मात्र कादंबऱ्यांच्या मापाचा. २०१७ चा अनदर ईडन क्रोनो ट्रिगरचे एक लेखक मासातो कातो यांच्या कथेवर उभा आहे. एप्रिल २०२३ मध्ये आलेला होंकाई: स्टार रेल तर चिनी कंपनीचा. ‘जपानी पद्धत’ आता जपानपुरती उरलेली नाही, हे त्यावरून दिसते.

पैसा आणि गाचा

फुकट खेळांची कमाई गाचातून होते. जपानमध्ये नाणे टाकून, मूठ फिरवून खेळण्याची डबी काढायचे यंत्र असते. त्याचीच ही आवृत्ती. खेळातले रत्न खर्चून खेळाडू सोडत काढतो आणि कोणते पात्र मिळेल ते नशिबावर असते. दुर्मीळ पात्राची शक्यता एक टक्का असेल, तर शंभर सोडती काढल्या की ते मिळालेच असे पुष्कळांना वाटते. हिशेब तसा नाही. शंभर सोडतींनंतरही ते एकदाही न मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. हा आकडा प्रत्येक खेळाडूने आणि पालकाने ध्यानात ठेवावा, कारण यूपीआयमुळे पुढची सोडत एका पिनच्या अंतरावर असते. ठरावीक पात्रांचा पूर्ण संच जमवला तरच बक्षीस देणारा ‘कॉम्प्लीट गाचा’ जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने २०१२ मध्ये बेकायदा ठरवला. साधा गाचा चालूच राहिला.

ऑनलाइन खेळाला आयुष्यही मर्यादित असते. साकागुची यांचा टेरा बॅटल २०१४ मध्ये सुरू झाला आणि २०२० मध्ये बंद झाला. अशी सेवा बंद झाली की जमवलेली पात्रे आणि भरलेले पैसे जातातच, शिवाय कथाही जाते. छापलेले पुस्तक असे नाहीसे होत नाही. कथेवर उभ्या असलेल्या कलाप्रकाराच्या बाबतीत हे नुकसान गंभीर आहे.

मराठी मजकुराचा प्रश्न

या प्रकारातले नामांकित जपानी खेळ मराठीत आलेले नाहीत. इथला खेळाडू ते इंग्रजीतून खेळतो. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला मेनूतले चार-पाच शब्द लवकर उमगतात. अडते ते संवादांपाशी. मग संवाद भराभर पुढे ढकलले जातात, ‘ऑटो’ लावून लढाया उरकल्या जातात आणि हातात उरते ती केवळ लेव्हल. खेळाचा आत्मा असलेली कथा निसटते. काही जण मात्र शब्दकोश उघडून चिकाटीने वाचतात, आणि त्यांचे इंग्रजी यातून सुधारते हेही खरे. तरीही आपल्या भाषेत कथा मिळण्याचा आनंद वेगळा, आणि तो मराठी खेळाडूच्या वाट्याला अजून पुरेसा आलेला नाही.

अडचण नुसत्या अनुवादाची नाही, तंत्राचीही आहे. जेआरपीजीच्या संवादचौकटीत मजकूर एकेक अक्षर उमटत जातो. रोमी किंवा जपानी लिपीत ते सोपे. देवनागरीत ‘कि’ लिहिताना संगणक आधी क आणि मग वेलांटी साठवतो, पण दाखवताना वेलांटी आधी काढावी लागते. जोडाक्षरांचेही तसेच. ही जुळणी न करणाऱ्या गेम इंजिनात (खेळ ज्यावर चालतो त्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) वेलांट्या चुकीच्या जागी बसतात, अर्धी अक्षरे पाय मोडून पडतात.

भाषेच्या रचनेतही पेच आहे. खेळाडू नायक निवडतो की नायिका, यावर मराठीत क्रियापदे बदलतात, म्हणून असंख्य वाक्ये दोनदा लिहावी लागतात. कोल्हापुरी बोली इथे मोठी गंमत करते: या भागातल्या बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे सहज बोलतात. पार्टीतली एखादी धनुर्धारी मुलगी अशी बोलली, तर ती कुठली हे वेगळे सांगावे लागणार नाही. जपानी खेळांत पात्राचा स्वभाव त्याच्या बोलीवरून उभा करतात; मराठीकडे मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी असा त्यासाठीचा साठा भरपूर आहे.

कोल्हापूरच्या अंगाने

साकागुची यांच्या फँटाशियन (२०२१) या मोबाइल खेळातली दृश्ये संगणकावर रेखाटलेली नाहीत. दीडशेहून अधिक लघुप्रतिकृती हाताने बनवून त्यांची छायाचित्रे खेळात वापरली आहेत. कलापूर म्हणवणाऱ्या शहराला हे काम परके वाटू नये. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे इथेच नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते, आणि बाबूरावांनी पुढे स्वतःचा कॅमेरा घडवून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. हाताने देखावा रचायचा आणि तो यंत्रातून दाखवायचा, ही परंपरा या गावात शंभर वर्षांहून जुनी आहे. मूर्तिकार, चित्रकार आणि कोड लिहिणारी मुले, तिन्ही आजही इथे आहेत.

कथेसाठी पन्हाळा ते विशाळगड ही वाट लगेच सुचते. ऐतिहासिक पुरुषांना एचपीच्या पट्ट्या लावणे काहींना खटकेल, आणि निकाल माहीत असलेल्या लढाईत खेळायचे काय, असेही कोणी विचारेल. या प्रकाराकडे त्याला उत्तर आहे. शत्रूला हरवायचे नसून ठरावीक पाळ्या तग धरायचा, अशा लढाया जेआरपीजीत रूढ आहेत. जुलै १६६० मध्ये बाजीप्रभू आणि बांदल मावळ्यांचे घोडखिंडीतले काम नेमके तेच होते: विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत खिंड सोडायची नाही. पाळ्या मोजत, एकेक गडी पडताना पाहत ही लढाई खेळणे हा वाचण्यापेक्षा वेगळा अनुभव होईल.

सुरुवातीला एवढे मोठे काही घ्यायची गरज नाही. एक वाडी, दहा-बारा पात्रे आणि तासाभराची कथा एवढ्यावर पहिला खेळ उभा राहतो. आरपीजी मेकर एमव्ही (२०१५) या जपानी साधनात फारसा कोड न लिहिता असा खेळ बनवून मोबाइलवर नेता येतो. त्याची संवादचौकट मूळ रूपात एकेक वर्ण सुटा रंगवते, म्हणून देवनागरी मोडते. पण हा भाग जावास्क्रिप्टमध्ये असल्याने पूर्ण अक्षर जुळल्यावरच ते उमटेल असा बदल करता येतो. तो जमला की नाही हे पाहायला ‘ज्योतिबा’, ‘क्षत्रिय’ आणि ‘पंचगंगेच्या पात्रात’ एवढे शब्द चौकटीत टाकून पाहणे पुरते.