आइस हॉकीतल्या डिफेन्सच्या जोड्यांचा आमचा रिपोर्ट कसा वाचायचा

रिपोर्ट हातात पडला की बरेच जण आधी गोल-असिस्टचा कॉलम बघतात आणि मग आम्हाला फोन येतो, "अहो याचे पॉइंट्स (गोल अधिक असिस्ट) तर काहीच नाहीत, याला वर कसा ठेवलात?" म्हणून हा कागद सोबत देतोय, एकदा नजर टाका.

एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची लीग) मॅचला टीम साधारण 6 डिफेन्समन उतरवते, म्हणजे 3 जोड्या. पहिल्या जोडीतला गडी 24-25 मिनिटं खेळतो आणि तेही समोरच्यांच्या सगळ्यात डेंजर लाइनविरुद्ध (लाइन म्हणजे एकत्र उतरणारे 3 फॉरवर्ड), तिसऱ्या जोडीतला 15 च्या आसपास आणि बहुतेकदा सोप्या लोकांसमोर. त्यामुळे दोघांचे आकडे नुसते शेजारी ठेवून काही कळत नाही, आधी "समोर कोण" हा कॉलम बघा.

पॉइंट्सचं म्हणाल तर 1983-84 मध्ये पॉल कॉफीने 126 पॉइंट्स काढले होते, तरी बेस्ट डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी गेली 33 पॉइंट्सवाल्या रॉड लँगवेला. आणि प्लस-मायनस, म्हणजे खेळाडू बर्फावर असताना आपण गोल मारला की प्लस, खाल्ला की मायनस (पॉवरप्लेवर, म्हणजे समोरचा गडी शिक्षेमुळे बाहेर असताना मारलेले धरत नाहीत), त्यावर तर डोळे झाकून विश्वास ठेवूच नका. बॉबी ऑरचा 1970-71 चा +124 आजही रेकॉर्ड आहे, तो ऑर होताच, पण त्या बॉस्टनच्या टीममध्ये गोलांचा पाऊस पडत होता हेही खरंच. उलट एरिक कार्लसन, 2022-23, सॅन होजे शार्क्स: 101 पॉइंट्स, नॉरिस ट्रॉफी आणि प्लस-मायनस -26. यातलं किती त्याचं आणि किती गळक्या टीमचं हे त्या एका आकड्यातून कोणीही सांगू शकत नाही.

म्हणून आम्ही कॉर्सी देतो. नाव बफेलो टीमचे तेव्हाचे गोली (गोलकीपर) कोच जिम कॉर्सी यांच्यावरून पडलंय, हिशोब सोपा आहे, गोलवर गेलेले, बाहेर गेलेले आणि मध्येच अडवलेले असे सगळे शॉट दोन्ही बाजूंचे मोजायचे. गोल कमी पडतात, शॉट भरपूर, त्यामुळे चित्र लवकर स्पष्ट होतं. शॉट ब्लॉकचा आकडा पण दिलाय, पण तो मोठा दिसला म्हणून लगेच खूश होऊ नका, सारखे ब्लॉक करावे लागतायत म्हणजे पक (खेळायची रबरी चकती) सारखा आपल्याच झोनमध्ये आहे.

आता जोडी. आम्ही शक्यतो एक डावखुरी स्टिक आणि एक उजवी अशी जोडी चांगली धरतो आणि कारण प्रत्यक्ष बघितल्यावरच पटतं. समोरच्याने पक आपल्या कोपऱ्यात टाकला, डिफेन्समन पाठमोरा पळतोय, पकला हात लावायच्या आधी मान वळवून बघतो की किती जण अंगावर येतायत (चांगला डिफेन्समन दोनदा बघतो, यावर लक्ष ठेवा), तोवर जोडीदार नेटमागे येऊन उभा, एक पास आणि पक बाहेर. तोच गडी उलट्या बाजूला (म्हणजे डावखुरा उजवीकडे) असेल तर बोर्डलगतचा (कडेच्या भिंतीलगतचा) पक बॅकहँडवर घ्यावा लागतो, अर्धा सेकंद जातो आणि तेवढ्यात अंगावर माणूस. हे स्कोरशीटवर कुठेच येत नाही, आम्ही व्हिडिओ बघून हाताने मोजतो, रिपोर्टला उशीर होतो तो यामुळेच.

सगळ्यात कामाचं पान शेवटचं, "एकत्र / वेगळे". दोघं मिळून कसे, आणि एकमेकांशिवाय कसे. एकत्र 55 टक्के शॉट आपले, वेगळे झाले की एकाचे 54 आणि दुसऱ्याचे 46, तर गाडी कोण ओढतंय हे सांगायला नको. कोलोरॅडोच्या मकार आणि टेव्स यांच्यासारखी जोडी मात्र वर्षानुवर्षं एकत्रच खेळते, तिथे वेगळं करून बघायला मिनिटंच कमी मिळतात, घाईने निकाल लावू नका.

जोडी एकत्र फार थोडी खेळली असेल तर त्या रकान्यात आम्ही आकडा टाकत नाही, नुसती आडवी रेघ असते. ती छपाईची चूक नाहीये, तेवढ्यासाठी फोन करू नका प्लीज.